ठाशीव अक्षर : स्वभाव, इतिहास आणि वापर

काही वर्षांपूर्वी आपल्या शाळेत एका कार्यक्रमासाठी मोठा फलक लावला होता. दूरच्या वाडीवरून आलेला, पाचवीत नुकताच दाखल झालेला एक मुलगा तो मोठ्याने वाचू लागला आणि ‘धम्म’ हा शब्द त्याने ‘घम्म’ असा वाचला. भोवतालची मुले हसली. त्याची चूक सुधारावी म्हणून आम्ही पुढे झालो आणि फलकाकडे पाहून थबकलो. अक्षर भारदस्त दिसावे यासाठी रेघा इतक्या जाड केल्या होत्या की ‘ध’च्या माथ्यावरील मोकळी जागा पार बुजून गेली होती. तेथे खरोखरच ‘घम्म’ लिहिलेले होते. मुलाने दिसले ते प्रामाणिकपणे वाचले होते. आम्हा मोठ्यांना शब्द आधीच ठाऊक असल्यामुळे आम्ही तो वाचलाच नव्हता. केवळ ओळखला होता. चूक अक्षराची होती, आणि ते अक्षर पसंत करणाऱ्या आमची होती.

त्या दिवसापासून जाड, भक्कम, ठाशीव अक्षर हा आमच्या कुतूहलाचा विषय झाला. मुद्रणकला हा आमच्या अभ्यासाचा विषय नव्हे. आम्ही इतिहासाचे विद्यार्थी. परंतु जुन्नर परिसरात राहणाऱ्या इतिहासाच्या विद्यार्थ्याला अक्षराचा इतिहास शोधायला फार दूर जावे लागत नाही. शाळेत देणगीदारांच्या नावांचा आणि संविधानाच्या उद्देशिकेचा नवा फलक बसवण्याचा विचार सध्या चालू आहे. त्या निमित्ताने हा छोटा अभ्यास माजी विद्यार्थी, पालक आणि समाजबांधव यांच्यासमोर ठेवीत आहोत.

ठाशीव अक्षर म्हणजे काय?

इंग्रजी पुस्तकातील नेहमीचे अक्षर निरखून पाहिले तर दोन गोष्टी ध्यानात येतात. एक, त्याच्या काही रेघा जाड आणि काही बारीक असतात. दोन, रेघांच्या टोकांना लहान, निमुळत्या आडव्या कडा असतात. त्यांना ‘सेरिफ’ म्हणतात. या कडा निमुळत्या न ठेवता जाड, चौकोनी पाटासारख्या केल्या आणि सर्व रेघांची जाडी जवळजवळ सारखी ठेवली, की ‘स्लॅब सेरिफ’ अक्षर तयार होते. पाटावर बसलेल्या माणसासारखे ते ऐसपैस आणि स्थिर दिसते.

हे अक्षर जन्मले ते लंडनमध्ये, एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी. व्हिन्सेंट फिगिन्स यांनी १८१५च्या सुमारास अशा घडणीचे खिळे ‘अँटिक’ या नावाने बाजारात आणले. नेपोलियनच्या १७९८च्या मोहिमेनंतर युरोपात इजिप्तविषयी मोठे आकर्षण निर्माण झाले होते. त्यामुळे या घडणीला पुढे ‘इजिप्शियन’ असेही नाव पडले. तोवर छापील अक्षर हे प्रामुख्याने हातात पुस्तक धरून वाचण्यासाठी होते. आता शहरे वाढली, भिंतींवर जाहिराती लागू लागल्या, रस्त्याने चालणाऱ्याने दुरून वाचावे अशा अक्षराची गरज भासली. ती गरज या अक्षराने भागवली.

पुढे १८४५ साली रॉबर्ट बेस्ली यांच्या टाईप फाउंड्रीने ‘क्लॅरेंडन’ नावाचे अक्षर काढले. ते याच कुळातले, पण थोडे सौम्य. साध्या मजकुरात एखादाच शब्द उठून दिसावा, अशा कामासाठी ते योजले गेले. शब्दकोशात मूळ शब्द जाड आणि त्याचा अर्थ साध्या अक्षरात, ही जी रीत आपल्याला आज स्वाभाविक वाटते, ती रूढ होण्यात अशा अक्षरांचा मोठा वाटा आहे.

या कुळातील एका अक्षराशी आपल्यापैकी अनेकांचा संबंध अगदी जवळचा आहे. ते म्हणजे टंकलेखन यंत्राचे अक्षर. टाईपरायटरवर प्रत्येक अक्षराला सारखीच रुंदी मिळते. इंग्रजीतील ‘आय’सारख्या बारक्या अक्षराभोवती त्यामुळे मोकळी जागा उरते, ती भरून काढण्यासाठी त्याला लांब, जाड पाय दिले गेले. शिवाय शाईच्या फितीतून आणि कार्बनच्या कागदातून खालच्या प्रतीपर्यंत उमटायचे, तर बारीक रेघ कामाची नव्हती. मराठी टाईपरायटरच्या अक्षरांनीही हीच सारख्या जाडीची शिस्त पाळली. घोडेगावला तालुक्याच्या कचेरीत दिलेले अर्ज, जातीचे दाखले, शिष्यवृत्तीची पत्रे अशा अक्षरांत टंकलेली असत. त्या अक्षरांत सौंदर्य थोडे होते, पण तिसऱ्या प्रतीवरही नाव वाचता येत असे. ज्याचे शिक्षण त्या एका कागदावर अवलंबून होते, त्याच्यासाठी हेच महत्त्वाचे होते.

आपल्या भूमीतील अक्षराची वाटचाल

‘स्लॅब सेरिफ’ हे नाव परके असले, तरी अक्षराच्या टोकाला जाडी देण्याची कल्पना आपल्याकडे फार जुनी आहे.

महाराष्ट्रातील अक्षराचा आरंभबिंदू म्हणून सोपाऱ्याचा उल्लेख करावा लागतो. तेथे १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांना सम्राट अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा सापडला. अशोकाच्या काळातील ब्राह्मी अक्षर अगदी साधे आहे. सरळ रेघ, वर्तुळ, कोन, एवढाच त्याचा संसार. रेघेची जाडी सर्वत्र सारखी. माथ्यावर काहीही नाही.

तेथून जुन्नरकडे यावे. लेण्याद्री, मानमोडी, तुळजा आणि शिवनेरी या डोंगरांत मिळून दीडशेहून अधिक लेणी कोरलेली आहेत. त्यांतील लेख ब्राह्मी लिपीत आणि प्राकृत भाषेत, म्हणजे त्या काळच्या लोकांच्या बोलीजवळच्या भाषेत आहेत. इसवी सनाच्या आरंभीच्या शतकांत लेखणीच्या सवयीचा परिणाम कोरीव अक्षरावरही दिसू लागला. लेखणी टेकवताना उभ्या रेघेच्या माथ्यावर शाईचा जो जाड ठिपका पडतो, तो दगडातही उतरू लागला.

या वाटेवरील सर्वांत ठळक टप्पा विदर्भातील वाकाटकांचा. त्यांच्या अनेक ताम्रपटांतील अक्षरांच्या माथ्यावर लहानशी चौकोनी पेटी आढळते. म्हणून त्या लिपीला ‘पेटिकाशीर्षक’ ब्राह्मी म्हणतात. महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी या लेखांचा सविस्तर अभ्यास केला आहे. इंग्लंडमधील फिगिन्सच्या अक्षराला पायाशी पाट होता, वाकाटकांच्या अक्षराला डोक्यावर पेटी होती. या दोहोंत चौदाशे वर्षांचे अंतर आहे आणि परस्परसंबंध काहीही नाही. परंतु रेघेचे टोक चौकोनी आणि जाड केले की अक्षर ठाम दिसते, ही जाण दोन्हीकडे एकच आहे.

नागरी लिपी वेगळ्या शाखेतून विकसित झाली. तिच्यात माथ्यावरील लहान रेघा हळूहळू लांबल्या, एकमेकींना भिडल्या आणि शिरोरेखा तयार झाली. म्हणून इंग्रजी अक्षर जमिनीवर उभे असते, तर आपले अक्षर दोरीवर टांगलेल्या कपड्याप्रमाणे वरच्या रेघेला लटकलेले असते. देवनागरीत ठाशीवपणा आणायचा तर पायाला पाट देऊन भागत नाही. शिरोरेखा पक्की, उभ्या काना-दंडाची जाडी तिला साजेशी आणि बोरूची तिरपी टोके सोडून सरळ कापलेली टोके, अशी मांडणी करावी लागते.

खिळ्यांचे युग

छापखान्यातील धातूच्या अक्षराला आपल्याकडे ‘खिळा’ म्हणत आणि ते एकेक उचलून ओळी लावण्याच्या कामाला ‘खिळे जुळवणे’. १८६९ साली जावजी दादाजी यांनी मुंबईत निर्णयसागर छापखाना सुरू केला आणि त्यांच्या खिळ्यांनी देवनागरी छपाईला नवे वळण दिले. खिळ्यांची अडचण अशी की मात्रा, वेलांटी, रफार यांचे नाजूक भाग सतत दाबाखाली येऊन तुटत. बारीक रेघ आधी झिजे. जाड रेघ तग धरी.

याच खिळ्यांच्या काळात आपल्या समाजाची वृत्तपत्रे उभी राहिली. ३१ जानेवारी १९२० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ‘मूकनायक’ हे पाक्षिक सुरू केले. राजर्षी शाहू महाराजांनी त्यासाठी २५०० रुपयांचे साहाय्य केले होते. महाडच्या चवदार तळ्याचा सत्याग्रह २० मार्च १९२७ रोजी झाला आणि दोनच आठवड्यांनी, ३ एप्रिलला ‘बहिष्कृत भारत’ निघाले. १९२८ साली ‘समता’, १९३० साली ‘जनता’ आणि ४ फेब्रुवारी १९५६ रोजी ‘प्रबुद्ध भारत’ असा तो प्रवास आहे. बाबासाहेबांनी स्वतःचा भारत भूषण छापखाना उभारला. पुढे त्याचेच नाव बुद्ध भूषण झाले. केवळ विचार असून चालत नाही, ते छापणारे खिळेही आपल्या हाती असावे लागतात, हे त्यांनी जाणले होते.

या पत्रांचा वाचक कोण होता, याचा विचार केला म्हणजे ठळक मथळ्याचे मोल कळते. गिरणीतून सुटलेला कामगार, चाळीतील दिव्याच्या उजेडात बसलेली मंडळी, एकाने वाचायचे आणि बाकीच्यांनी ऐकायचे. अशा वाचकाला मथळा हा पहिला आधार असतो. तो ठळक आणि निःसंदिग्ध असेल, तर त्याखालच्या बारीक मजकुरात शिरण्याचे धैर्य येते.

बळकटपणातील धोका

आता सुरुवातीच्या ‘घम्म’कडे परत येऊ. देवनागरीत अक्षरांच्या काही जोड्या केवळ एखाद्या लहानशा खिंडीमुळे किंवा तिरप्या रेघेमुळे वेगळ्या ओळखू येतात. ‘ध’ आणि ‘घ’, ‘भ’ आणि ‘म’, ‘थ’ आणि ‘य’ यांतील मुख्य भेद माथ्यावरच्या मोकळ्या जागेचा आहे. ‘ब’ आणि ‘व’ किंवा ‘ष’ आणि ‘प’ यांत भेद आहे तो पोटातल्या तिरप्या रेघेचा.

रेघ जाड होत गेली की पहिला बळी या मोकळ्या जागांचा जातो. मग ‘धम्म’चा ‘घम्म’ होतो, ‘भीम’चा ‘मीम’ होतो, ‘तथागत’चा ‘तयागत’ होतो आणि ‘बहुजन’चा ‘वहुजन’ होतो. आपल्या समाजाला सर्वांत प्रिय असलेले शब्द नेमके याच अक्षरांनी सुरू होतात किंवा याच अक्षरांवर उभे आहेत. ‘बुद्ध’मधील जोडाक्षराचीही तीच गत, ‘द’च्या पोटात ‘ध’ बसतो, आणि जाड ब्रशने लिहिले की तेथे केवळ काळा गोळा उरतो.

यावरून ठाशीव अक्षराचा खरा स्वभाव कळतो. त्याची ताकद केवळ रेघेच्या जाडीत नसते. जाड रेघ आणि तिच्या शेजारची मोकळी जागा यांच्या प्रमाणात ती असते. म्हणून उत्तम कारागीर अक्षर जाड करताना ते रुंदही करतो आणि माथ्यावरची खिंड मुद्दाम थोडी अधिक उघडी ठेवतो. जो नुसतीच रेघ फुगवतो, त्याचे अक्षर दुरून मोठे दिसते, पण वाचता येत नाही.

कोठे वापरावे, कोठे टाळावे

इतक्या विवेचनानंतर काही व्यवहारी सूचना करणे उचित ठरेल.

पहिली : ठाशीव अक्षर थोड्या शब्दांसाठी वापरावे. मथळा, संस्थेचे नाव, दिशादर्शक पाटी, पाण्याच्या टाकीवरील सूचना, एसटीच्या गाडीवरची गावाची पाटी, पुस्तकातील पाठाचे नाव, ही त्याची हक्काची ठिकाणे. पानभर मजकूर त्याच अक्षरात छापला तर डोळा थकतो आणि कशावरच भर राहत नाही. सर्वच जण मोठ्याने बोलू लागले तर सभेत कोणाचेच ऐकू येत नाही.

दुसरी : अंतर मोजून आकार ठरवावा. वाचणारा जितका दूर उभा राहील, त्यातील दर दहा फुटांमागे अक्षराची उंची सुमारे एक इंच असावी, असा पाटी रंगवणाऱ्यांचा ढोबळ हिशेब आहे. पन्नास फुटांवरून वाचायचे तर पाच इंच. ही उंची मात्रा-उकार सोडून धरावी आणि दोन ओळींत त्यांच्यासाठी पुरेशी जागा ठेवावी. खालच्या ओळीची वेलांटी वरच्या ओळीच्या उकाराला भिडू देऊ नये.

तिसरी : रेघेची जाडी अक्षराच्या उंचीच्या पाचव्या-सहाव्या हिश्श्याहून अधिक करू नये.

चौथी : तळेघरचा पाऊस ध्यानात घ्यावा. चार महिने धुके, ओल आणि शेवाळ. अशा हवेत नाजूक, वळणदार, सावलीचे किंवा सोनेरी कडांचे अक्षर दोन पावसाळ्यांत दिसेनासे होते. दगडावर कोरायचे तर अक्षर साधे, रेघ रुंद आणि खोल असावी. खोल कोरलेल्या रेघेत रंग उडून गेला, तरी तिरप्या उजेडात सावली पडते आणि अक्षर वाचता येते.

पाचवी : प्रत्येक ठिकाणी ठाशीव अक्षरच हवे, असा आग्रह धरू नये. भारतीय संविधानाची इंग्रजी प्रत प्रेम बिहारी नारायण रायजादा यांनी आणि हिंदी प्रत वसंत कृष्ण वैद्य यांनी सुंदर हस्ताक्षरात लिहिली. ते अक्षर जवळ घेऊन, सावकाश पाहण्यासाठी आहे; तेथे तेच शोभते. मात्र त्याच संविधानाची उद्देशिका आपण प्रार्थनेच्या मैदानावरील भिंतीवर लिहू, तेव्हा शेवटच्या रांगेतील पाचवीच्या मुलाला ती वाचता आली पाहिजे.

सहावी आणि सर्वांत महत्त्वाची : फलक पक्का करण्यापूर्वी त्याचा नमुना नव्याने वाचायला शिकलेल्या मुलाकडून वाचून घ्यावा. जाणकाराला दाखवू नये. तो शब्द ओळखतो. त्यात ध, भ, थ, ब ही अक्षरे असलेले शब्द मुद्दाम ठेवावेत. मुलगा अडखळला तर अक्षर बदलावे.

लेण्यातील नावे आणि आपला फलक

अखेरीस पुन्हा जुन्नरच्या लेण्यांकडे वळू. कारण देणगीदारांचा फलक कसा असावा, याचे उत्तर तेथे आहे. लेण्याद्रीचे चैत्यगृह कल्याणच्या सुलसदत्ताने दान दिले. मानमोडीत महाक्षत्रप नहपानाचा अमात्य अयम याने पाण्याची पोढी आणि मंडप दिल्याचा, ४६ या वर्षाचा लेख आहे. धान्याच्या व्यापाऱ्यांच्या श्रेणीने सात खोल्यांचे लेणे आणि पोढी दिली. बांबूकाम करणाऱ्यांच्या आणि काशाचे काम करणाऱ्यांच्या श्रेणींचा उल्लेख येतो. यवन म्हणवणाऱ्या दात्यांचीही नावे आहेत. अमात्य असो, व्यापारी असो वा परदेशी असो, सर्वांची नावे एकाच लिपीत आणि एकाच लोकभाषेत आहेत. अमात्यासाठी वेगळी भाषा आणि बुरुडासाठी वेगळी, असे तेथे नाही.

आजच्या फलकांवर आपण काय पाहतो? लाखाची देणगी देणाऱ्याचे नाव चार इंचांत आणि महिनाभराच्या मजुरीतून शंभर रुपये देणाऱ्या माउलीचे नाव तळाशी, मुंगीएवढ्या अक्षरात. ज्यांनी जन्माने ठरलेली उच्चनीचता नाकारली, त्यांनी ती अक्षरांच्या उंचीत पुन्हा आणू नये. म्हणून शाळेच्या व्यवस्थापनास आमची नम्र सूचना आहे की नव्या फलकावर सर्व नावे एकाच आकाराच्या, एकाच जाडीच्या अक्षरांत, वर्णानुक्रमे कोरावीत. रकमेची नोंद हिशेबाच्या वहीत राहील.

आणखी एक गोष्ट हे लेख शिकवतात. खोल कोरलेली ती अक्षरे उन्हापावसात टिकली, परंतु मधली अनेक शतके ती वाचणारा कोणी उरला नव्हता. लोक समोरून जात होते, पाहत होते, पण वाचू शकत नव्हते. १८३७ साली जेम्स प्रिन्सेपने ब्राह्मीचा उलगडा केला, तेव्हा दगड पुन्हा बोलू लागले. अक्षर कितीही भक्कम असले तरी ते वाचकावाचून मुके असते. दगडात अक्षर कोरणे हे एकदाचे काम. वाचक घडवणे हे दर पिढीचे काम, आणि शाळा त्यासाठीच असते.

‘घम्म’ वाचणारा तो मुलगा आता मोठा झाला आहे. नव्या फलकाचा कागदी नमुना तयार झाला की तो पाचवीच्या वर्गासमोर, पन्नास फुटांवर टांगायचा आणि मुलांना मोठ्याने वाचायला सांगायचे, असे आम्ही ठरवले आहे. त्यांनी ‘धम्म’ असे स्वच्छ वाचले, तरच दगडावर छिन्नी लावावी.